सैनिकांसाठी नाताळची खोकी: बाईकवाले आणि हॉट रॉडवाल्यांनी मोहीम कशी चालवावी

नाताळची भेट परदेशातल्या सैनिकाच्या हातात २५ डिसेंबरच्या आत पडायची असेल, तर कामाला सप्टेंबरात लागावं लागतं. क्लबमध्ये नवीन माणूस आला की मी त्याला आधी हेच सांगते. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोहीम म्हणजे राइडचा दिवस असतो. मोटरसायकलींची लांबलचक रांग, मागे गुरगुरणाऱ्या जुन्या फोर्ड, रस्त्याच्या कडेला झेंडे घेतलेली पोरं. तो दिवस मलाही फार आवडतो. पण खोकं पोचतं ते नीट पत्ता, नीट फॉर्म आणि वेळेवर भरलेलं टपाल यांच्या जोरावर, आणि ही कामं कुणी आधीपासून हातात घेतली नसतील तर राइडला जमलेलं सामान गॅरेजमध्ये तसंच पडून राहतं.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला राहते. जवळच्या ऑन्टॅरिओत गोदामांची मोठी रांग आहे, तिथे एका गोदामात माल रवाना करण्याचं काम बघते. ट्रायम्फ बॉनव्हिल चालवते. आमच्या गटात निम्मे मोटरसायकलवाले, निम्मे हॉट रॉडवाले, आणि खोकी भरण्याची सगळी जबाबदारी माझ्याकडे. म्हणून इथे राइडपेक्षा खोक्याबद्दल जास्त बोलणार आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं आता सैन्यात किंवा नौदलात आहेत, आणि मंडळांमधून मला अनेकदा विचारणा होते, हे नेमकं करायचं कसं?

बाईकवाले आणि हॉट रॉडवालेच का, हे आधी थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय इथल्या माणसांचा जीव यात किती गुंतलेला असतो ते कळत नाही. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी, बहुधा १९३२ ची फोर्ड, मडगार्ड काढून हलकी केलेली आणि इंजिन खुलवून वेगवान केलेली. याची पाळंमुळं आमच्या इथल्याच वाळवंटात आहेत. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली आणि पोरं म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवू लागली. महायुद्धात ते तळं लष्कराने घेतलं. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. शर्यती एल मिराजला गेल्या. युद्धावरून परतलेल्या पोरांनी हा छंद देशभर नेला. १९४६ मध्ये बिल बर्क यांनी लढाऊ विमानाच्या पोटाखालची जादा इंधनटाकी भंगारातून आणून तिचीच शर्यतीची गाडी केली. मोटरसायकलींचंही तसंच. हार्लेने युद्धासाठी हजारो डब्ल्यूएलए मोटरसायकली बनवल्या, आणि त्या चालवायला शिकलेली माणसं घरी आल्यावर क्लब काढू लागली. थोडक्यात, या दोन्ही छंदांच्या वाढीमागे सुट्टीवर आलेला किंवा लढाई संपवून आलेला सैनिक आहे. आमच्या गटातले कितीतरी आजोबा व्हिएतनामला जाऊन आलेले. नाताळात घरून काही आलं नाही तर कसं वाटतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट लगेच स्पष्ट करते. मरीन कोअर रिझर्व्हची ‘टॉइज फॉर टॉट्स’ ही मोहीम १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. तिच्यात सैनिक गरजू मुलांसाठी खेळणी गोळा करतात, आणि बाईकवाल्यांच्या खेळण्यांच्या राइड बहुतेक तिच्यासाठी असतात. आपण बोलतोय ते उलट दिशेचं काम: लोकांकडून सैनिकांकडे. दोन्ही एकाच दिवशी करू नका. लोक गोंधळतात आणि खेळण्यांच्या ढिगात मोजे हरवतात.

तारखा उलट्या मोजा

अमेरिकेचं टपाल खातं दर वर्षी परदेशी लष्करी पत्त्यांसाठी नाताळच्या शेवटच्या तारखा जाहीर करतं. जलद टपालाची, म्हणजे प्रायॉरिटी मेलची तारीख साधारण डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते, जमिनीवरून जाणाऱ्या स्वस्त पार्सलची नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच. मी त्या छापील तारखेवर विसंबत नाही. आमची खोकी थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधी पोस्टात गेलेली असतात. मग त्याच्या मागे भरण्याचा शनिवार, त्याच्या मागे राइड, त्याच्या मागे सामानाची यादी वाटणं, आणि सगळ्यात मागे, सप्टेंबरात, नावं. जहाजावरच्या मुलांचं टपाल बंदराच्या वेळापत्रकावर अवलंबून असतं, त्यांची खोकी आम्ही आणखी लवकर काढतो.

दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, ही मराठी मंडळांसाठी मोठी सोय आहे. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला एवीतेवी सगळे जमतात. दाराशी एक टेबल, एक छापील यादी आणि एक जबाबदार माणूस ठेवला, तर राइडच्या आधीच अर्धं सामान गोळा होतं.

नावं: खरं काम इथे आहे

२००१ पर्यंत ‘कुठल्याही सैनिकाला’ अशा पत्त्यावर खोकं पाठवता यायचं. त्या वर्षी टपालातून अँथ्रॅक्सची पावडर पाठवली गेली आणि संरक्षण खात्याने ती सोय बंद केली. आता खोक्यावर खऱ्या माणसाचं नाव लागतं. ज्या मोहिमांनी हे आधी समजून घेतलं नाही, त्यांच्याकडे डिसेंबरात सामान भरपूर आणि पत्ते शून्य, अशी अवस्था होते.

नावं मिळतात ती आयांकडून. अगदी खरं सांगते, आईला विचारा. व्हीएफडब्ल्यू आणि अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांच्या शाखा, चर्च, गुरुद्वारा, मंदिर, हायस्कूलचे शिक्षक, सगळीकडे विचारायचं, पण शेवटी वही घेऊन येते ती आई नाहीतर बायको. आमच्या कागदावर हे रकाने असतात: पूर्ण नाव, तुकडी किंवा जहाज, पूर्ण लष्करी पत्ता, परतीचा अंदाजे महिना, खाण्यातली पथ्यं, बाई की पुरुष, आणि ‘तुमच्याबरोबर असा कोण आहे ज्याला घरून काहीच येत नाही?’ हा शेवटचा रकाना आमच्या एका म्हाताऱ्या वेल्डरने घालायला लावला, आणि माझ्या मते सगळ्या कागदात तोच सर्वांत मोलाचा आहे. त्या रकान्यातून आलेल्या नावांना आम्ही पहिली खोकी पाठवतो.

परतीचा महिना विसरू नका. तुकडी डिसेंबरच्या सुरुवातीला घरी येणार असेल तर खोकं रिकाम्या बराकीत पोचेल. परतायला महिना-दीड महिना उरला की पाठवणं थांबवा आणि त्या मुलाचं खोकं इथेच त्याच्या घरी द्या.

पत्त्याबद्दल. शहराच्या जागी लष्करी टपाल कार्यालयाची खूण येते: लष्कर आणि हवाई दलासाठी एपीओ, नौदल आणि मरीनसाठी एफपीओ, वकिलातींसाठी डीपीओ. राज्याच्या जागी एई, एपी किंवा एए. पिन कोड अमेरिकी पद्धतीचाच असतो: एईचा ०९ ने सुरू होणारा, एपीचा ९६ ने, एएचा ३४० ने. देशाचं किंवा शहराचं नाव अजिबात लिहायचं नाही. हौसेने ‘कुवेत’ किंवा ‘जपान’ लिहिलंत तर खोकं लष्करी टपालाऐवजी त्या देशाच्या टपालात शिरू शकतं. नाव-पत्ता बरोबर असेल तर पैसे देशातल्या दराने लागतात, आंतरराष्ट्रीय दराने नाहीत.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आई साताऱ्याहून त्यांना दिवाळीचं पार्सल पाठवायची. डबा मांजरपाटाच्या कापडात शिवायचा, शिवणीवर लाख ओतायची, आणि पत्ता लिहायचा तो नाव, तुकडी आणि ५६ एपीओ. वडील काश्मिरात आहेत की आणखी कुठे, ते त्या कापडावर कधीच नसायचं. त्यामुळे इथल्या फॉर्मवरचे रकाने मला पहिल्यांदा पाहिले तेव्हाही परके वाटले नाहीत. आणि त्याच कारणासाठी ही यादी मी कडक सांभाळते. नावं, तुकड्या, परतीच्या तारखा हे कुठेही समाजमाध्यमांवर टाकायचं नाही, व्हॉट्सॲपच्या गटातही नाही. यादी एकाच वहीत, वही एकाच माणसाकडे. राइडच्या फलकावर ‘आमच्या गावची मुलं’ एवढंच लिहा.

नावं पुरेशी मिळालीच नाहीत तर? मग मोठ्या संस्थेला सामान द्या. कॅलिफोर्नियात २००३ मध्ये कॅरोलिन ब्लाशेक यांनी सुरू केलेली ऑपरेशन ग्रॅटिट्यूड हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करते. त्यांची यादी, त्यांचे नियम, त्यांच्या तारखा आधी वाचा. यात कमीपणा काही नाही.

काय मागायचं, काय परत द्यायचं

‘काहीही चालेल’ असं कधी म्हणू नका. असं म्हटलं की अर्धवट वापरलेले शाम्पू आणि हॉटेलातले साबण येतात. आमची यादी छोटी आहे. बुटात घालायचे जाड मोजे, काळे किंवा ऑलिव्ह रंगाचे, घोट्याच्या वर येणारे. वेट वाइप्स. पायाला लावायची पावडर. लिप बाम. पाण्यात घालायच्या सरबताच्या पुड्या. इन्स्टंट कॉफीच्या पुड्या. सुकवलेलं बीफ किंवा टर्की जर्की. बंद पाकिटातले सुके मेवे. पत्त्यांचा कॅट. मूळ पाकिटातल्या डबल ए बॅटऱ्या. बायकांसाठी टॅम्पॉन, साधे केसांचे रबर आणि चांगलं मॉइश्चरायझर. हे लोक हमखास विसरतात, म्हणून आमच्या यादीत ते सगळ्यात वर छापलेलं असतं. हॉट रॉडवाले आपल्या गाड्यांची जुनी मासिकं आणि छोट्या खेळण्यातल्या गाड्या घालतात. तळावरच्या टेबलावर ती गाडी वर्षभर राहते, असं परत आलेली मुलं सांगतात.

नको असलेल्या गोष्टींची यादी जास्त महत्त्वाची आहे. दारू नाही. स्प्रेचे डबे नाहीत. पॉवर बँक नाही. तंबाखू नाही. बऱ्याच पत्त्यांवर डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि अश्लील साहित्य चालत नाही. पिन कोडप्रमाणे काय चालत नाही त्याची यादी टपाल खातं प्रसिद्ध करतं, ती प्रत्येक पत्त्यासाठी बघायची. चॉकलेट वितळतं, त्यापेक्षा कडक गोळ्या बऱ्या. हेम्प किंवा सीबीडी (गांजाच्या जातीच्या झाडापासून मिळणारे पदार्थ) घातलेलं काहीही नको, मलमसुद्धा नको. कॅलिफोर्नियात ते दुकानात मिळतं, त्यामुळे लोक भाबडेपणाने टाकतात, पण सैनिकांना ते वापरायला बंदी आहे.

आणि आपल्यासाठी खास: खसखस नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं, कारण खसखशीच्या काही वाणांवर कोडीनचा अंश जास्त असू शकतो आणि तो लघवीच्या तपासणीत दिसतो. त्या तपासणीवर मुलाची नोकरी टांगलेली असते. म्हणजे अनारसे नाहीत. खसखस भाजून घातलेलं सारण असेल तर करंजी नाही. मंडळातल्या काकूंना हे सांगताना जिवावर येतं, कारण त्यांनी रात्र जागून तळलेलं असतं. तरी सांगायचंच. शंकरपाळी, चकली, चिवडा हे टिकतं, पण घरचं खाणं फक्त आपल्या ओळखीच्या मुलाला, त्याच्या घरच्यांनी पाठवायचं. अनोळखी सैनिकाच्या खोक्यात कारखान्यात बंद केलेलं, घटकांची यादी छापलेलं पाकीटच. शेंगदाणे असतील तर खोक्यातल्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा. पोरगं तळावर ॲलर्जीने आजारी पडलं तर आपण कुणाला तोंड दाखवणार?

राइडचा दिवस

जागा मोठी आणि सावलीची बघा. बर्गरच्या दुकानाचं पटांगण, व्हीएफडब्ल्यूचं आवार, शाळेचं मैदान. मालकाची लेखी परवानगी, एका दिवसाचा विमा, आणि रस्त्यावर रांगेने जायचं असेल तर शहराची परवानगी. पोलिसांनी वाहतूक अडवलेली नसेल तर लाल दिव्याला प्रत्येकाने थांबायचं. रांग तुटली तर तुटू दे, पुढे ठरलेल्या ठिकाणी पुन्हा जुळते.

मोटरसायकली आणि हॉट रॉड एकाच रांगेत चालवू नका. जुन्या फोर्डचं फ्लॅटहेड इंजिन हळू रहदारीत तापतं, आणि बिचाऱ्या मालकाचा निम्मा दिवस बॉनेट उघडून जातो. आम्ही हॉट रॉड अर्धा तास आधी मोकळ्या रस्त्याने पाठवतो, त्या पोचून थंड होतात, मग मोटरसायकली येतात. नोव्हेंबरात आमच्याकडे सांता आना वारे सुटतात. काहोन खिंडीत ते बाईक शेजारच्या लेनमध्ये ढकलतात. त्या दिवशी वाऱ्याचा इशारा असेल तर मार्ग बदलायचा, हट्ट करायचा नाही.

बाईकवर खोकी येत नाहीत. आमच्याकडे एक जुनी शेव्हरोले पिकअप आहे, पन्नासच्या दशकातली, मालकाने हिरव्या रंगात घडवलेली. ती दाराशी उभी करतो आणि लोक आपलं सामान तिच्या पाठीत टाकतात. पिकअप भरत जाते तसे लोक स्वतःहून पुन्हा दुकानात जाऊन आणखी मोजे घेऊन येतात. कुठल्याही भाषणाने एवढं होत नाही.

नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना दोन सूचना. कुणाच्या गाडीला किंवा बाईकला विचारल्याशिवाय हात लावू नका, पोराला सीटवर बसवून फोटो काढायचा असेल तर मालकाला विचारा; बहुतेक आनंदाने हो म्हणतात. आणि जाकिटाच्या पाठीवर तीन भागांचं क्लबचं चिन्ह (पॅच) लावणाऱ्या जुन्या क्लबांचे आपसातले मानपान असतात, ते आयोजकांनी आधी फोन करून सांभाळायचे. त्या दिवशी मैदानात पक्षाचे झेंडे नकोत. आमच्या गटात दोन्ही बाजूंची माणसं आहेत, आणि सैनिकांतही असतात.

पैसे

सामान मिळवणं सोपं, टपालखर्च मिळवणं अवघड. लष्करी पत्त्यासाठी टपाल खात्याचं एक मोठं फ्लॅट रेट खोकं मिळतं, १२ इंच लांब, १२ रुंद, साडेपाच उंच. खोकं फुकट, आणि नेहमीच्या मोठ्या फ्लॅट रेट खोक्यापेक्षा दर थोडा कमी. वजन ७० पौंडांपर्यंत कितीही असो, पैसे तेच. तरी एका खोक्याला वीस डॉलरच्या पुढे जातात. शंभर खोकी म्हणजे दोन हजार डॉलरहून जास्त, तेही फक्त टपालाला. हा हिशेब पहिल्या बैठकीत मांडा.

आम्ही गाडी लावायची फी ‘एका खोक्याचं टपाल’ अशी ठेवली आहे. फलकावर रक्कम नसते, तेवढेच शब्द असतात, आणि देणाऱ्याला आपल्या पैशाचं काय होणार ते लगेच कळतं. चषकांवर खर्च करत नाही.

लॉटरीच्या मोहात पडू नका. निम्मे पैसे जिंकणाऱ्याला, निम्मे कामाला, असा खेळ अनेक ठिकाणी सर्रास चालतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात धर्मादाय रॅफलसाठी संस्था पात्र असावी लागते, राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे आधी नोंदणी लागते, आणि तिकिटांच्या पैशातले ९० टक्के कामासाठी जावे लागतात. दुसऱ्या राज्यांचे नियम वेगळे आहेत, आपापले बघा. तसंच, ज्यांना करात सूट हवी आहे त्यांचे पैसे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फतच घ्या. क्लबची तशी नोंदणी नसेल तर व्हीएफडब्ल्यूच्या शाखेला किंवा आपल्या मंडळाला भागीदार करता येतं का, ते त्यांच्या खजिनदाराला विचारा. जमाखर्चाचा कागद राइडनंतर आठवड्याभरात सगळ्यांना दिसला पाहिजे.

भरण्याचा शनिवार

इथे माझं गोदाम कामाला येतं. प्रत्येक खोक्यात वेगळं सामान घालण्याची हौस सगळ्यांना असते, पण तसं केलंत की प्रत्येक खोक्याचा कस्टम्सचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. आम्ही तीनच प्रकार ठरवतो. एक खाण्याचं खोकं, एक अंगाला-पायाला लागणाऱ्या वस्तूंचं, एक बायकांसाठीचं. प्रत्येक प्रकाराची यादी ठरलेली, संख्या ठरलेली. फॉर्म ऑनलाइन भरता येतो आणि टपालाचे पैसे तिथेच भरले की लेबल आणि फॉर्म एकत्र छापून निघतं. ‘भेटवस्तू’ एवढं मोघम लिहून चालत नाही. ‘मोजे, दोन जोड, पत्त्यांचा कॅट, एक, कॉफीच्या पुड्या, दहा’ असं लिहायचं, प्रत्येकाची अंदाजे किंमत घालायची.

फॉर्मवर सही करणारा माणूस जाहीर करतो की आत धोकादायक काही नाही. म्हणून आमच्याकडे सही करणाऱ्याने उघडं खोकं बघितल्याशिवाय टेप लागत नाही. मग ते खोकं कितीही प्रेमाने कुणी भरलेलं असो.

टेबलं लांब मांडा, एका बाजूने रिकामं खोकं निघतं आणि दुसऱ्या बाजूला भरलेलं पोचतं. जड वस्तू तळाला. पावडर, टूथपेस्ट, वाइप्स हे सगळं झिपच्या पिशवीत, हवा काढून. साबण आणि खाणं एका खोक्यात कधीच नको. आठवडे-आठवडे प्रवासात राहिल्यावर जर्कीला साबणाची चव येते, पिशवी दुहेरी केली तरी येते. पोकळी राहिली तर मोज्यांनी भरा, कागदाच्या बोळ्यांनी नव्हे. बंद करून हलवा. आवाज आला तर उघडा. चकचकीत कागदात गुंडाळू नका, तपासणीत तो फाटतो. सगळ्या शिवणींवर टेप, आणि आत, सगळ्यात वर, पत्त्याची दुसरी प्रत. बाहेरचं लेबल निघालं तरी खोकं वाचतं. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून क्लबची पोस्टपेटी द्या, कुणाच्या घराचा पत्ता नको.

आणि पत्र. पत्राशिवाय एकही खोकं बंद होत नाही. मुलांना लिहायला बसवा, पण नुसतं ‘तुम्ही शूर आहात’ नको, त्याच्या शंभर प्रती सैनिकाला मिळतातच. काय लिहायचं विचारलं तर मी सांगते, तुझ्या कुत्र्याबद्दल लिही, शाळेतल्या भांडणाबद्दल लिही, बाबांची गाडी कुठे बंद पडली ते लिही. आमचे हॉट रॉडवाले तर एक पानभर कार्ब्युरेटरबद्दल लिहितात. मोटर पूलमध्ये, म्हणजे लष्करी गाड्या सांभाळणाऱ्या विभागात, काम करणाऱ्या पोरींकडून त्यावर दोन पानी उत्तरं येतात. मुलाचं पहिलं नाव चालेल. आडनाव, शाळा, घरचा पत्ता नको. लढाईबद्दल प्रश्न विचारू नका. मराठी मुलाला खोकं जात असेल तर त्यात देवनागरीत लिहिलेला एक कागद घाला, आमच्या मंडळातल्या आज्या हे काम हक्काने मागून घेतात.

खोकी पोस्टात न्यायच्या आधी पोस्टमास्टरना भेटून किती येणार ते सांगा. सोमवारी सकाळी पन्नास खोकी घेऊन खिडकीशी उभं राहणं हा रांगेतल्या लोकांवर आणि त्या कारकुनावर अन्याय आहे. लेबलं आधीच छापलेली असतील तर पोस्टमन येऊन घेऊन जातो, तशी नोंद ऑनलाइन करता येते.

जे परदेशात नाहीत

परदेशातल्यांच्या गडबडीत घराजवळचे राहून जातात. लोमा लिंडाच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात नाताळातही माणसं खाटेवर असतात. बार्स्टोच्या पुढे फोर्ट अर्विनला वाळवंटात सरावासाठी आलेल्या तुकड्या असतात. रुग्णालयाच्या स्वयंसेवक विभागाला महिनाभर आधी फोन करा. न गुंडाळलेल्या, नव्या वस्तूच घेतात, आणि किती माणसांनी यायचं ते तेच ठरवतात. व्हिएतनामला गेलेल्या एखाद्या रुग्णाला खिडकीतून ड्यूस, म्हणजे १९३२ ची फोर्ड, दाखवायची असेल तर गाड्या कुठे उभ्या करायच्या तेही आधी विचारून घ्या. माझा अनुभव असा, की तिथल्या म्हाताऱ्यांना मोज्यांपेक्षा इंजिनाबद्दल बोलायला बसणारा माणूस जास्त हवा असतो. वेळ काढून जा.

महाराष्ट्रातून जे बुलेटवाले मला विचारतात, त्यांना मी पुण्याजवळच्या खडकीचं नाव सांगते. तिथे जखमी आणि अपंग सैनिकांना कामाचं शिक्षण देणारी, १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून. आधी फोन करून त्यांना काय लागतं ते विचारायचं, आणि तेच न्यायचं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून शहिदांच्या आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी काय करता येईल ते कळतं. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, राइडसाठी तो दिवस चांगला.

जानेवारीत

काही खोकी परत येतात. तुकडी हलली, मुलगा घरी आला, पत्त्यातला एक आकडा चुकला. परत आलेलं प्रत्येक खोकं उघडून बघा, खाणं टाकून द्या, बाकीचं त्याच मुलाच्या घरी पोचवा आणि वहीत कारण लिहा. उत्तरं आली की त्यांच्या प्रती ज्यांनी पत्रं लिहिली त्या मुलांना द्या. तुकडीचं नाव, ठिकाण असेल तर आधी काळ्या पेनने झाकून. टपालाचे पैसे उरले असतील तर ते वेगळ्या खात्यात ठेवा, कारण ज्यांची परत यायची तारीख उन्हाळ्यानंतरची आहे त्यांना मार्चमध्ये दुसरं खोकं जातं. नाताळानंतर टपाल एकदम आटतं आणि तळावर तेव्हाच जास्त एकटं वाटतं, असं परतलेल्या कितीतरी जणांनी मला सांगितलंय. मार्चच्या खोक्यासाठी राइड लागत नाही. वही, दहा-बारा खोकी आणि एक शनिवारची दुपार पुरते.